व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तोंडच उघडत नाही, आणि देहदानाबद्दल एका आजींचा प्रश्न

प्रश्न : मॅडम, मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यातली आहे. दहावीपर्यंत मराठी मिडियम, अकरावी-बारावीची पुस्तकं इंग्लिशमध्ये होती पण सर मराठीतूनच समजवायचे. नीटमध्ये चांगले मार्क पडले आणि नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेज मिळालं, गावात माझ्या फोटोचा बॅनरसुद्धा लागला. आता ॲनाटॉमीच्या (शरीररचनेच्या) पहिल्या इंटर्नलमध्ये, म्हणजे कॉलेजच्याच परीक्षेत, फेल झाले. व्हायवाला सरांनी ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं जाळं) विचारलं, रात्रभर तेच वाचलं होतं पण एक वाक्य निघालं नाही तोंडातून. रूममेट पुण्याच्या आहेत, फाडफाड बोलतात. घरी काही सांगितलं नाही अजून. कधी वाटते सोडून द्यावं सगळं.

उत्तर : बेटा, सोडायचं वगैरे आत्ता मनातून काढून टाक, एका इंटर्नलवरून एवढा मोठा निर्णय नसतो घ्यायचा. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, तुला विषय येत नाही असं मला त्यात कुठेच दिसलं नाही, बोलता येत नाही एवढंच दिसलं, आणि ते शिकता येते. नीटचा अभ्यास कसा होता आठव, 720 मार्कांचा पेपर, चार पर्याय, बरोबर गोल काळा केला की झालं. म्हणजे दोन-तीन वर्षं तुम्ही सगळ्याच पोरापोरींनी तोंड बंद ठेवून अभ्यास केला आणि इथे आल्याबरोबर ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री तिन्हीमध्ये लिहा, डायग्राम काढा आणि समोरच्या सरांना सांगा. हे पुण्याच्या पोरींनाही नवीनच आहे, फक्त इंग्लिश त्यांच्या तोंडात शाळेपासून बसलेली आहे म्हणून ते दिसत नाही.

आता तेच ब्रेकियल प्लेक्सस घे. मणक्यातून निघणारे सी 5 ते टी 1 पाच रूट्स, त्यांच्या तीन ट्रंक, प्रत्येक ट्रंकच्या दोन डिव्हिजन, मग तीन कॉर्ड आणि शेवटी ब्रांचेस. नुसतं वाचू नको, कोऱ्या कागदावर काढ आणि प्रत्येक रेघ ओढताना मोठ्याने बोल, आधी आपल्या मराठीत, "सी 5 आणि सी 6 मिळून अप्पर ट्रंक बनते". दुसऱ्या दिवशी तेच इंग्लिशमध्ये, छोट्या वाक्यात, "सी फाइव्ह अँड सी सिक्स जॉईन टू फॉर्म द अप्पर ट्रंक". मोठी वाक्यं लागतच नाहीत व्हायवाला. हॉस्टेलमध्ये लाज वाटत असेल तर गच्चीवर जाऊन बोल, पण आवाज बाहेर आला पाहिजे.

आणि डिसेक्शनच्या, म्हणजे देह कापून शिकायच्या, वेळी मागे उभी राहू नको. देह टिकवायच्या फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, गर्दी असते, मराठी मिडियमच्या पोरी हमखास मागच्या रांगेत जातात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलेय आणि फार वाईट वाटते मला त्याचं. पुढे ये, फोर्सेप हातात घे. काखेत ॲक्झिलरी आर्टरी या मोठ्या रक्तवाहिनीच्या समोर मस्क्युलोक्युटेनियस, मेडियन आणि अल्नर या तीन नर्व्हचा इंग्रजी एम सारखा आकार दिसतो. आधी कोरॅकोब्रेकियालिस स्नायूत घुसणारी मस्क्युलोक्युटेनियस शोध, तिच्यावरून मागे मागे येत बाकीच्या सापडतात. एकदा स्वतः शोधलेली नर्व्ह व्हायवाला डोळ्यासमोर येते, पानावरची येत नाही. आणि तरीही अडलीसच तर गप्प बसू नको, सरळ विचार, "सर, मराठीत सांगू का?" विदर्भातले बरेच सर हो म्हणतात, आणि नाही म्हणाले तरी तुझं तोंड तर उघडलं ना.

परीक्षेची भीती आहे तर एवढं माहीत असू दे, युनिव्हर्सिटीच्या पेपरात एखादा विषय राहिला तरी सप्लीमेंट्री असते, त्यात निघालीस तर आपल्याच बॅचसोबत पुढे जातेस. फर्स्ट इयर काढायला एकूण चार अटेम्प्ट मिळतात. म्हणून निवांत राहा असं नाही म्हणत मी, पण एका इंटर्नलने दार बंद होत नाही.

पुढच्या वर्षी वॉर्डात गेलीस की बघशील, नागपूरला पेशंट भंडारा, गोंदिया, गडचिरोलीहून येतात, छिंदवाडा-बालाघाटहून येतात, आणि "जीव घाबरून राहिला", "हातापायाला मुंग्या येऊन राहिल्या" असं सांगतात. ती हिस्ट्री, म्हणजे आजाराची हकीकत, तू पाच मिनिटांत घेशील, त्यातला कोणता त्रास आधी सुरू झाला हे म्हाताऱ्या माणसाकडून गोडीने काढून घेशील, त्यात तुझ्या रूममेटच तुझी मदत मागतील.

घरी मात्र या रविवारी सांग, आईला आधी. बॅनर गावाने लावला, त्याचं ओझं तू नको घेऊ. रात्री झोप येत नसेल, जेवण जात नसेल तर कॉलेजमधल्या तुझ्या मेंटर टीचरला भेट, किंवा 14416 या टेलि-मानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या, सरकारी नंबरवर फोन कर, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

प्रश्न : मी 71 वर्षांची, नागपूरच्या मानेवाडा भागात राहते. ह्यांनी आणि मी देहदानाचा फॉर्म भरला आहे. मुलगा म्हणतो की पोरं तिथे हसतात, बॉडी नुसती पडून राहते. खरंच उपयोग होतो का हो?

उत्तर : काकू, खूप होतो. वरचं पत्र वाचा, त्या मुलीला जे शिकायचं आहे ते कोणीतरी देह दिला म्हणूनच शिकता येते. देह आल्यावर रक्तवाहिनीतून फॉर्मॅलिन वगैरे भरून टिकवतात आणि मग मुलं कित्येक महिने त्यावर एकेक भाग शिकतात. सुरुवातीला कॅडेव्हरिक ओथ घेतात, म्हणजे या देहाचा मान राखू अशी शपथ. पहिल्या दिवशी घाबरून कोणी हसतंही, नाही म्हणत नाही मी, पण आठवड्याभरात ती शांत होतात.

मुलाशी मात्र आत्ताच बोला, कारण फॉर्म भरला असला तरी देह शेवटी घरच्यांनीच सोपवायचा असतो, त्यांनी नाही म्हटलं तर तो कागद तसाच राहतो. डॉक्टरांचं डेथ सर्टिफिकेट लागते. पोस्टमॉर्टेम झालं असेल किंवा एचआयव्ही, कावीळ बी (हिपॅटायटिस बी) असे आजार असतील तर सहसा घेत नाहीत. उन्हाळ्यात आपल्याकडे जास्त वेळ ठेवू नये, लवकर कळवावं. नेत्रदानही करायचं असेल तर दोन्ही होतं, फक्त डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, तोवर पंखा बंद ठेवायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा आणि डोकं उशीवर थोडं उंच.