जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे, रॅम ४ जीबी. घरच्या वापरासाठी आता कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकू?

लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाका, त्यातलीही हलकी एक्सएफसीई आवृत्ती. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. ४ जीबीवर ती बसली तरी रखडतच चालते.

आमच्याकडे दर्यापूर तालुक्यात, गावात नेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट. मिंट विचारल्याशिवाय अपडेट उतरवत नाही, त्यामुळे दिवसाचा दीड जीबी डेटा सकाळीच संपत नाही. माझ्यासाठी हीच सगळ्यात मोठी गोष्ट. बाबा त्यावर सातबारा काढतात, कापसाचे भाव बघतात. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही विंडोजवरचाच: के दाबलं की क, डी दाबलं की हलंत.

टॅलीवर हिशेब ठेवत असाल तर मात्र विंडोजच ठेवा.

आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. इन्स्टॉल करताना डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून फोटो आधी दुसरीकडे काढून ठेवाच. आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवा, लॅपटॉप इतका वेगात चालेल की ओळखू येणार नाही.