विकास प्रोजेक्टच्या कर्जाने गरिबी कमी झाली का, हे बघताना

हे बघ, किती पैसे खर्च झाले नि किती किलोमीटर पाइप घातली हे रिपोर्टात ठळक असतं, त्यावरून गरिबी हटली म्हणू नकोस. आपल्या गोव्यातलंच जायकाचं (जपान सरकारची मदतसंस्था) 2007 चं पाणी-सांडपाण्याचं कर्ज घे, लाइन रस्त्यातून गेली पण घराला कनेक्शनच नसेल तर काय उपयोग, आणि कनेक्शन घेतलं कोणी, बंगलेवाल्यांनी की भाड्याच्या खोलीतल्यांनी, ते आधी विचार. प्रोजेक्ट नसता तर काय झालं असतं, त्यासाठी तसाच दुसरा भाग शोधून तुलना कर (हेच सगळ्यात कटकटीचं). वर्ल्ड बँकेचं कर्ज असेल तर प्रोजेक्टचा शेवटचा रिपोर्ट त्यांचीच टीम लिहिते, म्हणून आयईजीचा (बँकेचाच स्वतंत्र मूल्यमापन विभाग) रिव्ह्यू सोबत वाचच. आणि हो, 2025 मध्ये वर्ल्ड बँकेची माणशी रोजची गरिबीरेषा 2.15 वरून 3 डॉलर झाली, जुने-नवे आकडे मिसळू नकोस.