वाचकांचे प्रश्न : नव्या आर्थिक वर्षाचे पगारपत्रक

प्रश्न : कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी पगाराचे काम पाहतो. आमच्याकडे चाळीसेक कामगार आहेत. एप्रिल २०२५ पासून पगारवाढ द्यायची आहे. दोघांची वाढ मात्र जूनपासून आहे. काहींचा पगार २१,००० रुपयांच्या वर, एका भगिनीचा २५,००० च्या वर जातो आणि एका अभियंत्याचे वार्षिक वेतन १३ लाख २० हजार होते. संगणकातील कपातींचे सर्व दर १ एप्रिललाच बदलले तर चालेल का?
— एक वाचक, कुपवाड (जि. सांगली)

उत्तर : नाही, कारण प्रत्येक कपातीचे वेळापत्रक निराळे आहे. मार्चचा पगार बहुतेक कारखान्यांत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होतो आणि त्याआधीच जुने दर पुसले तर मार्चचे पगारपत्रकही नव्या दराने निघते. म्हणून जुनी नोंद तशीच ठेवून, लागू होण्याची तारीख घालून नवी नोंद करावी.

सर्वाधिक काळजी कामगार राज्य विम्याची (ईएसआय) घ्यावी. त्याची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये असली तरी ती ओलांडताच वर्गणी थांबत नाही. वर्गणीचे कालखंड दोन : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. ज्यांचे वेतन कालखंडाच्या सुरुवातीलाच, १ एप्रिलच्या वाढीने, मर्यादेपुढे जाते ते तेव्हाच योजनेबाहेर जातील. जूनपासून वाढ मिळणाऱ्या दोघांपैकी कोणी मर्यादा ओलांडली, तर त्याची वर्गणी ३० सप्टेंबरपर्यंत प्रत्यक्ष वेतनावर, म्हणजे कामगाराकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के या दराने, चालू ठेवावी लागेल. मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत, वर्गणी आकारताना धरतात. आजारपणाच्या भत्त्यासाठी एका कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते, आणि एप्रिल व मे मिळून ६१ दिवसच होतात. मे अखेर वर्गणी थांबवली, तर या कालखंडाच्या वर्गणीवर ज्या काळात भत्ता मिळतो त्या जानेवारी ते जून २०२६ मध्ये तो कामगार आजारी पडल्यास त्याचा हक्काचा भत्ता अडकेल. दरमहा दीडशे-पावणेदोनशे रुपये वाचले म्हणून कामगाराला आज बरे वाटेल, पण हा सौदा त्याच्या तोट्याचा आहे, हे त्याला अवश्य समजावून सांगावे.

भविष्य निर्वाह निधीत बदल नाही : १२ टक्के दर आणि १५,००० रुपयांची मर्यादा कायम आहे. व्यवसाय कराबाबत, महाराष्ट्रात महिलांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर सूट आहे. आपल्या भगिनींचे वेतन त्यापुढे गेल्याने त्यांना आता दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असा वर्षाला २,५०० रुपये कर लागेल. किमान वेतनातील विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलै रोजी बदलतो, तर कामगार कल्याण निधीची कपात जून आणि डिसेंबरच्या पगारातून होते. या दोन्हींचा एप्रिलशी संबंध नाही.

आता अभियंत्याचा प्राप्तिकर. नवी कर प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असल्यास कर्मचाऱ्याने तसे दरवर्षी कळवावे लागते, त्यामुळे गेल्या वर्षीची निवड पुढे ओढू नये. नव्या प्रणालीत १३,२०,००० मधून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन १२,४५,००० उरतात. २०२५-२६ च्या टप्प्यांप्रमाणे कर ६६,७५० रुपये येतो. परंतु १२ लाखांपर्यंतचे करपात्र उत्पन्न करमुक्त असल्याने, ही रेषा जेमतेम ओलांडणाऱ्याला सीमांत सवलत मिळते, आणि कर १२ लाखांवरील रकमेइतकाच, म्हणजे ४५,००० रुपये राहतो. त्यावर ४ टक्के उपकर धरून ४६,८०० रुपये, म्हणजे दरमहा ३,९०० रुपये कापावेत. आपली संगणक प्रणाली दरमहा ५,७८५ रुपये दाखवत असेल, तर तिच्यात सीमांत सवलतीचा हिशेब नाही असे समजून ती पुरवणाऱ्याकडून सुधारणा करून घ्यावी. जास्त कापलेला कर परतावा म्हणून मिळतो खरा, पण त्यासाठी पुढच्या वर्षी विवरणपत्र भरेपर्यंत थांबावे लागते, आणि कर्मचाऱ्याचे पैसे तितके दिवस अडकवून ठेवण्याचे काहीच कारण नाही.

एप्रिलचा पगार बँकेत पाठवण्यापूर्वी या भगिनी, हे अभियंता आणि विम्याच्या मर्यादेजवळचा एक कामगार, अशा तिघांच्या पगारचिठ्ठ्या हाताने मांडून संगणकाच्या आकड्यांशी पडताळाव्यात. आणि जूनचा पगार काढताना त्या दोघांची विमा वर्गणी चालू आहे ना, हे पुन्हा पाहावे.