टायरचा प्रश्न आणि तारण ठेवलेले सोने

खानापूरच्या एका वाचकांना आपल्या सेकंडहँड ऑडी टीटी क्वाट्रोसाठी चार टायर घ्यायचे आहेत. बेळगावात त्यांना तीन भाव मिळाले: नामांकित कंपनीचा टायर २४,००० रुपये, मध्यम किमतीचा १३,००० रुपये आणि 'न वापरलेला जुना स्टॉक' ९,००० रुपये. गाडी वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर धावते, तीही बहुतांशी चोर्ला घाटातून गोव्याकडे. टायरसाठी एक लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. मात्र पत्राच्या शेवटी ते सहज लिहून जातात की, बँकेतील ओळखीच्या अधिकाऱ्याने 'एफडीसारखीच' म्हणून दिलेल्या विमा पॉलिसीचे दोन-दोन लाखांचे दोन हप्ते आईचे सोने सोसायटीत बारा टक्क्यांनी तारण ठेवून भरले असून पुढच्या महिन्यातील तिसराही तसाच भरायचा आहे.

टायरचे उत्तर सोपे आहे. जुन्या स्टॉकच्या कडेवरील शेवटचे चार अंक आपण १४१९ असे कळवले आहेत. म्हणजे तो टायर २०१९ सालच्या चौदाव्या आठवड्यातला. रबर न वापरताही कडक होते आणि कणकुंबीच्या पावसात ओल्या घाटावर असा टायर मला फुकट दिला तरी नको. आपल्या वापरात टायर झिजण्याआधी जुना होईल, त्यामुळे दीर्घ आयुष्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. ओल्या रस्त्यावरील पकड चांगली असलेला १३,०००चा टायर घ्यावा. आकार, भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा अंक) आणि वेगमर्यादेचे अक्षर मात्र गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच असावे. इंजिनाची ताकद चारही चाकांना देणाऱ्या क्वाट्रोसारख्या गाडीत दोनच टायर बदलून भागवू नये.

आता आपण न विचारलेल्या प्रश्नाकडे वळतो. चार लाखांवर बारा टक्के म्हणजे वर्षाला ४८,००० रुपये व्याज. जवळजवळ टायरचा एक पूर्ण संच दर वर्षी सोसायटीच्या खात्यात झिजतो. त्याच्या बदल्यात काय मिळणार? दहा वर्षे दोन लाख भरून पंधराव्या वर्षाअखेर तीस लाख, असे आपण लिहिता. 'दीडपट' हा शब्द कानाला गोड लागतो, पण हिशेब केला तर हा परतावा वर्षाला सुमारे चार टक्के पडतो. पीपीएफमध्ये ७.१ टक्के मिळत असताना चार टक्क्यांची वस्तू एफडी म्हणून विकणे हेच मुळात गैर आहे. ती बारा टक्क्यांच्या कर्जावर विकत घेणे त्याहून वाईट. कागद कन्नड आणि इंग्रजीत होते म्हणून वाचले नाहीत, हे आपले कारण मला समजते (आपल्या भागात निम्म्या सह्या अशाच होतात), पण कंपनी ते ऐकणार नाही.

भरलेले चार लाख बुडतील म्हणून पुढे भरत राहावे, असे आपल्याला वाटते. दोन हप्त्यांनंतरचे किमान हमी सरेंडर मूल्य (पॉलिसी मध्येच मोडल्यास परत मिळणारी रक्कम) भरलेल्या हप्त्यांच्या तीस टक्के, म्हणजे एक लाख वीस हजार, धरले तर दोन लाख ऐंशी हजार आजच गेलेले आहेत. ते परत आणण्याचा मार्ग तिसऱ्या हप्त्यातून जात नाही. आजपासून पुढचाच विचार केला तरी उरलेल्या हप्त्यांवर साडेपाच-सहा टक्के सुटतात आणि कर्ज बाराचे आहे. तेव्हा नवे सोने तारण ठेवू नये. आज सरेंडर केल्यास किती आणि पेड-अप ठेवल्यास (म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर पॉलिसी चालू ठेवल्यास) मुदतीअखेर किती, हे दोन आकडे कंपनीकडून लेखी मागवावेत. सोने अडकलेले असताना माझा कल सरेंडरकडे आहे. एफडी म्हणून विक्री झाल्याची लेखी तक्रारही आधी कंपनीकडे करावी आणि समाधान न झाल्यास बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जावे.

टायर, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग धरून ५५,००० खर्च होतील. उरलेले ४५,००० याच आठवड्यात सोसायटीत मुद्दलापोटी भरावेत आणि पावतीवर 'मुद्दल' असे स्पष्ट लिहून घ्यावे.