सर्वेक्षणाची उत्तरे आपोआप पुढे कशी पाठवावीत?

प्रश्न : आमच्या गूगल फॉर्मची उत्तरे शीटमध्ये जमा होतात आणि तेथून ती कामाच्या प्रणालीत हाताने उतरवावी लागतात. हे आपोआप होईल का?

उत्तर : होईल. अ‍ॅप्स स्क्रिप्ट या गूगलच्या प्रोग्रॅम लिहिण्याच्या सोयीतील ‘फॉर्म सबमिट’ ट्रिगर (फॉर्म भरताच प्रोग्रॅम सुरू करणारी व्यवस्था) प्रत्येक नव्या उत्तराबरोबर चालतो आणि ती नोंद प्रणालीच्या एपीआयकडे (दुसऱ्या प्रोग्रॅमकडून माहिती घेण्याच्या तिच्या मार्गाकडे) पाठवता येते. खरी अडचण पाठवण्यात नसून एकच नोंद दोनदा जाण्यात असते. म्हणून प्रत्येक उत्तराला कायमचा स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि प्रणालीकडून पोच मिळाल्यावरच शेजारच्या रकान्यात ‘पाठवले’ अशी नोंद करावी. ओळीचा क्रमांक त्यासाठी वापरू नये, कारण कोणी शीटचा क्रम बदलला (आणि कोणीतरी तो बदलतेच) की तो निरुपयोगी ठरतो. जुनी उत्तरे तुकड्यातुकड्यांनी पाठवावीत, कारण स्क्रिप्टची एक फेरी साधारण ६ मिनिटांनंतर थांबवली जाते.