मेन बंद, तरी मीटरचा दिवा लुकलुकतो

वाचकांचे प्रश्न : घरातली वीज
(उत्तरं देणारे गृहस्थ मुंबईतल्या एका वीज कंपनीच्या मीटर तपासणी विभागातून निवृत्त झाले आहेत.)

प्रश्न : साहेब, आम्ही कुर्ल्याला चाळीत राहतो. मार्चमध्ये आमच्याकडे नवा स्मार्ट मीटर बसवला. तोवर महिन्याला १८०-२०० युनिट यायचे, आता ३४० येतात. घरात दोन पंखे, फ्रिज, टीव्ही आणि सकाळी पाण्याची मोटर, बस. मुलगा म्हणतो, कंपनीने मुद्दाम मीटर पळता ठेवलाय. परवा घरातला एमसीबी पाडून मी स्वतः खाली केबिनपाशी गेले, तर मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतच होता. तक्रार केली तेव्हा माणूस येऊन सांगून गेला, मीटर ओके आहे. मग मी पाहिलं ते काय? – एक वाचक भगिनी, कुर्ला

उत्तर : ताई, तुम्ही पाहिलं ते खरं आहे आणि मीटर ओके आहे हेही बहुधा खरंच आहे. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात, हे मला नोकरीच्या अकराव्या वर्षी समजलं.

तेव्हा घाटकोपरच्या एका चाळीतल्या बाईंचा मीटर आमच्या टेस्ट बेंचवर आला होता. मी तो तीन वेगवेगळ्या लोडवर चालवून पाहिला. चूक अर्ध्या टक्क्याच्या आत होती. ‘मीटर बरोबर’ असा शेरा मारून मी सही केली. त्या बाईंनी चौदा महिने दुप्पट बिल भरलं. त्या पुन्हा आल्या, हातात सगळी बिलं दोऱ्यात ओवलेली, तेव्हा मी स्वतः त्यांच्या चाळीत गेलो. जिन्याखालची केबिन, बावीस मीटर आणि त्यांतून निघालेल्या वायरींचा गुंता. वायरमनने टाँग टेस्टरचा, म्हणजे तारेभोवती धरून करंट मोजायच्या यंत्राचा, चिमटा आधी त्यांच्या फेजच्या तारेला लावला, आकडा शून्य. मग न्यूट्रलच्या तारेला लावला, तर चार अँपिअर! मीटर निर्दोष होता, चूक वायरिंगमध्ये होती. ती शोधायला आमच्यातलं कुणीही गेलं नव्हतं, त्यात मीही आलो.

तुमच्याकडे तेच झालं असावं असं मला पत्रावरून वाटतं. सोप्या भाषेत सांगतो. वीज फेजच्या तारेने घरात येते, पंखा फिरवते आणि न्यूट्रलच्या तारेने परत जाते. जेवढी आली तेवढीच परत गेली पाहिजे. जुन्या मीटरांपैकी बऱ्याच मीटरांत करंट फक्त फेजच्या तारेवर मोजला जायचा. त्याचा फायदा घेऊन काही लोक परतीची तार जमिनीत सोडून किंवा दुसरीकडून घेऊन मीटर फसवायचे. म्हणून नवे मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडचा करंट मोजतात आणि ज्या बाजूचा जास्त त्यावर युनिट धरतात. चोरी पकडायला ही युक्ती उत्तम आहे. पण जुन्या चाळींत खोल्यांच्या वाटण्या होताना, पोटमाळे चढवताना, वायरमनने जवळ दिसली ती न्यूट्रल जोडलेली असते. शेजारच्या खोलीतली वीज त्यांच्या मीटरमधून येते आणि परत जाते तुमच्या मीटरमधून. त्यांचा मीटर ती फेजवर मोजतो, तुमचा न्यूट्रलवर. म्हणजे एकच युनिट दोन घरांच्या बिलात लागतं. यात चोरी कुणाचीच नाही, नुकसान मात्र तुमचं. जुन्या मीटरला हे दिसतच नव्हतं, म्हणून तक्रार मार्चपासून सुरू झाली. तुम्ही पाडलेला एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलीच राहते, म्हणून दिवा लुकलुकत राहिला.

आता काय करायचं ते सांगतो. आधी एमसीबी पाडून एका माणसाला केबिनपाशी उभं करा आणि शेजाऱ्यांना त्यांची मोठी उपकरणं एकेक करून बंद करायला सांगा. गोडीत सांगा, त्यांचा यात काही दोष नाही. एखादं उपकरण बंद होताच तुमचा दिवा मंदावला किंवा थांबला, तर दुखणं सापडलं. मग परवानाधारक वायरमन बोलावून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकाच वेळी टाँग टेस्टरच्या चिमट्यात धरायला सांगा. वायरिंग स्वच्छ असेल तर आकडा शून्याच्या आसपास येतो. आला नाही तर तो न्यूट्रल वेगळी करून देईल. फार तर दिवसभराचं काम. केबिनमध्ये स्वतः हात घालू नका.

आणि मीटरवरचाच संशय फिटत नसेल तर ही पडताळणी घरी होते. मीटरच्या तोंडावर ‘३२०० इम्प’ असं काहीतरी इंग्रजीत लिहिलेलं असतं. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. बाकी सगळं बंद ठेवून १००० वॅटचा पाणी तापवायचा रॉड बादलीत सोडा आणि मिनिटभर मोजा. साधारण ५३ वेळा लुकलुकला पाहिजे. व्होल्टेज कमीजास्त असतं म्हणून चार-पाच इकडेतिकडे चालतील. ऐंशी आले तर मात्र माझ्याही भुवया वर जातील. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर त्याला ६० ने भागा. पण ही मोजणी न्यूट्रल वेगळी केल्यावरच करा, नाहीतर शेजारचा करंट त्यात मिसळेल.

कंपनी ऐकत नसेल तर नियम तुमच्या बाजूने आहे. वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ च्या फेब्रुवारीत दुरुस्ती झाली. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यावर पाच दिवसांत कंपनीने आणखी एक मीटर लावायचा आणि किमान तीन महिने दोन्हींची तुलना करायची, असं त्यात आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तरी दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. एक मात्र सांगतो, दोन मीटर शेजारी लावून दोघांचे आकडे जुळले तर न्यूट्रलचं दुखणं तसंच राहील. म्हणून टाँग टेस्टर आधी.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. फेज आणि न्यूट्रलमध्ये तफावत आहे, ही नोंद स्मार्ट मीटर तारीख-वेळेसह स्वतः करतो आणि कंपनीच्या सर्व्हरला कळवतो. म्हणजे तुम्हाला कळायच्या किती आधी ते तिथे लिहिलेलं होतं! ती नोंद पाहून कुणीतरी तुम्हाला एक फोन करायला हवा होता.

प्रश्न : स्मार्ट मीटरमुळे वीज कंपन्यांचं नुकसान कमी होणार असं म्हणतात. आमच्या सोसायटीत सगळे वेळेवर बिल भरतात, चोरी नाही. मग आमच्याकडे मीटर बदलून कुणाचं नुकसान वाचणार? – सोसायटीचे एक सेक्रेटरी, मुलुंड

उत्तर : प्रश्न रास्त आहे. आधी नुकसान म्हणजे काय ते पाहू. कंपनीने १०० युनिट विकत घेतले, त्यांतल्या ८५ ची बिलं काढली, आणि बिलांच्या पैशांपैकी ९५ टक्के वसूल झाले. ८५ चे ९५ टक्के म्हणजे ८०.७५. उरलेले सव्वाएकोणीस ही कंपनीची एकूण तांत्रिक आणि वाणिज्यिक हानी. यातली काही हानी तारा आणि ट्रान्सफॉर्मर तापण्यात जाते. ती कोणताही मीटर वाचवू शकत नाही, त्याला जाड केबल आणि नवा ट्रान्सफॉर्मर लागतो. बाकीची म्हणजे तारांवर आकडे टाकून होणारी चोरी, बंद पडलेले मीटर, दार बंद म्हणून लावलेली सरासरी बिलं, मीटरपाशी न जाता टेबलावर बसून भरलेली रीडिंग आणि थकबाकी. स्मार्ट मीटरचा उपयोग इथे आहे.

केंद्राने जुलै २०२१ मध्ये सुधारित वितरण क्षेत्र योजना आणली. तीन लाख कोटींहून मोठी, २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरचं लक्ष्य ठेवणारी. त्या आधीच्या वर्षात देशाची ही हानी २२ टक्क्यांच्या वर होती, ती १२ ते १५ वर आणायची होती. २०२२-२३ मध्ये ती १५ च्या आसपास आलीही. पण तोवर त्या २५ कोटींतले फार थोडे मीटर बसले होते, हे लक्षात ठेवा. बिलं नीट काढणं आणि थकलेले पैसे वसूल करणं, यानेही बराच पल्ला गाठता येतो.

मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा आणि महावितरण असे चार वितरक आहेत, आणि शहराच्या मोठ्या भागात हानी आधीपासूनच एक आकडी आहे. तुमच्यासारख्या सोसायटीत मीटर बदलून चोरी सापडणार नाही, कारण ती तिथे नाहीच. तरी तुमचा मीटर उपयोगी पडतो, तो असा. समजा तुमच्या गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या मीटरने दिवसाला १००० युनिट सोडले आणि त्यावरच्या सगळ्या घरांची बेरीज आली ९१०. तीसेक तारांत तापले असतील. मग साठ गेले कुठे? हा हिशेब करायला सगळ्या घरांचं रीडिंग एकाच वेळचं लागतं. पूर्वी आमचा माणूस एका इमारतीत पाच तारखेला जायचा, दुसऱ्या इमारतीत बारा तारखेला. तेव्हा बेरीज लावणं म्हणजे अंदाजच. आता तुमच्या घरी काही सापडलं नाही म्हणून शोध पुढच्या इमारतीकडे सरकतो. पण ट्रान्सफॉर्मरवर मीटर नसेल किंवा असून कुणी ताळा घालत नसेल, तर घराघरांतले नवे मीटर म्हणजे फक्त रीडिंग घेणाऱ्याचा पगार वाचवणारं यंत्र. तुम्ही कंपनीला लेखी विचारा, आमच्या ट्रान्सफॉर्मरचा ताळा दर महिन्याला होतो का? सेक्रेटरी म्हणून तुमचा तो हक्कच आहे असं मी मानतो. कारण मीटरचे पैसे आज तुमच्याकडून रोख घेतले नाहीत, तरी वीज नियामक आयोगाने मान्य केलेला खर्च शेवटी दरातूनच वसूल होतो.

प्रीपेडच्या धास्तीने तुमच्या काही सभासदांनी मीटर अडवल्याचं तुम्ही लिहिलंय. सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही, असं राज्य सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केलं होतं. त्यामुळे बसवायला आलेल्या माणसाला एवढंच विचारा, बिल आधी की नंतर? आणि उत्तर कागदावर घ्या. त्याच कागदावर जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग लिहून घ्या, फोटोही काढा. पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

प्रश्न : स्मार्ट मीटरच्या लहरींनी लहान मुलांना त्रास होतो का? मीटर आमच्या दारालगतच आहे. – एक वाचक, गोरेगाव

उत्तर : नाही. मोबाइलसारखाच तो अधूनमधून थोडा वेळ माहिती पाठवतो, तोही भिंतीवरून. फोन तर आपण कानाला लावतो. काळजी करायची तर स्क्रूची करा. मीटर बदलताना खालच्या टर्मिनलचा स्क्रू सैल राहिला तर जोड तापतो आणि वायर जळते. असे काळे पडलेले टर्मिनल ब्लॉक मी शेकडो पाहिले. मीटर बसल्यावर पहिल्या आठवड्यात एखाद्या रात्री एसी, गीझर सगळं चालू असताना त्याच्यापाशी दोन मिनिटं उभं राहा. जळका वास आला किंवा चरचर ऐकू आली, तर मेन पाडा, हात लावू नका आणि त्याच क्षणी बिलावरच्या तक्रार क्रमांकावर फोन करा.