क्रमवारीत भारत ४० वरून ६८ वर गेला, म्हणजे देश खरंच मागे पडला का?

तुम्ही वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या स्पर्धात्मकता यादीबद्दल विचारलंय: २०१७ मध्ये भारत ४० वा, २०१८ मध्ये ५८ वा, २०१९ मध्ये ६८ वा. दोन वर्षांत २८ क्रमांक गेले, हे कसं?

त्यातले पहिले १८ गेलेच नव्हते. २०१८ मध्ये फोरमने मोजायची पद्धतच बदलली. निकष नवे आले आणि १ ते ७ ऐवजी ० ते १०० अशी गुणांची पट्टी झाली. याच नव्या पट्टीने २०१७ मोजलं तेव्हा भारत ६३ वा निघाला. म्हणजे ज्या वर्षी आपण घसरलो असं वाटतं, त्या वर्षी आपण पाच क्रमांक वर चढलो होतो.

२०१९ ची घसरण मात्र खरी. पण गुण पाहा: ६२.० वरून ६१.४. एवढ्याशा फरकाने दहा क्रमांक गेले, कारण यादीच्या मध्यावर देश एकमेकांना खेटून उभे असतात. आपण जवळपास जागेवर राहिलो आणि दक्षिण आफ्रिका ६७ वरून ६० वर गेली, कोलंबियाही आपल्या पुढे निघून गेला.

मी स्वतः क्रमांक सगळ्यात शेवटी वाचतो. आधी गुण, मग विषयवार तपशील. त्याच २०१९ च्या अहवालात बाजारपेठेच्या आकारात भारत तिसरा होता, कौशल्यांत १०७ वा आणि आरोग्यात ११० वा. बाजारपेठ मोठी आहे ती आपण संख्येने खूप आहोत म्हणून. आरोग्य आणि कौशल्यं कमवावी लागतात, आणि मला काळजी वाटते ती त्यांचीच. ६८ या एका आकड्यात हे कुठेच दिसत नाही.

आणखी एक गोष्ट तपासा: माप नेमकं कुठे घेतलं? माझं कोल्हापूर भागात छोटं मशीन शॉप आहे, त्यामुळे हा मुद्दा मला फार जवळचा. व्यवसाय करणं कुठे किती सोपं आहे हे सांगणाऱ्या जागतिक बँकेच्या ‘डूइंग बिझनेस’ यादीत भारत २०१४ मध्ये १४२ वा होता, २०१९ मध्ये ६३ वा झाला. बांधकाम परवानगीत तर १८१ वरून ५२ आणि पुढच्या वर्षी २७. मुंबई आणि दिल्लीच्या महापालिकांनी परवानग्या ऑनलाइन आणल्या, ते काम खरंच झालं होतं. पण भारताचे गुण या दोनच शहरांवरून निघत: दिल्लीचा वाटा ५३ टक्के, मुंबईचा ४७. त्या उडीची बातमी आली तेव्हा माझ्या वाढीव शेडचा नकाशा आठ महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. बातमी खोटी नव्हती, फक्त ती माझ्या गावाबद्दल नव्हती.

त्याच अहवालात करारासंबंधीचा दावा निकाली लागायला १,४४५ दिवस लागतात असं नोंदलं होतं, आणि त्यात आपण १६३ वे होतो. थकलेल्या बिलासाठी कोर्टाची पायरी चढलेल्या कुठल्याही छोट्या कारखानदाराला हा आकडा पटेल. ६३ व्या क्रमांकाच्या आनंदात त्याच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे ‘डूइंग बिझनेस’च्या २०१८ आणि २०२० च्या आवृत्त्यांत (त्या आल्या २०१७ आणि २०१९ मध्ये) चीन, सौदी अरेबिया अशा काही देशांच्या आकड्यांत फेरफार झाल्याचं उघड झालं आणि बँकेने २०२१ मध्ये हा अहवाल बंदच केला. फोरमची ती क्रमवारीही २०१९ नंतर आलेली नाही.

सध्या बातम्यांत दिसते ती बहुतेक वेळा स्वित्झर्लंडमधल्या आयएमडी या संस्थेची यादी. तिच्यात भारत २०२४ मध्ये ६७ देशांत ३९ वा होता, २०२५ मध्ये ६९ देशांत ४१ वा. तिथे साधारण दोन तृतीयांश भार आकडेवारीचा आणि एक तृतीयांश कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या मतांचा असतो. त्यामुळे दोन क्रमांकांची ही हालचाल पाहून लगेच काही ठरवू नका. पायाभूत सुविधा, सरकारी कारभार, उद्योगांची कार्यक्षमता आणि आर्थिक कामगिरी असे तिचे चार भाग आहेत. प्रत्येकाची चार-पाच वर्षांची रेघ शेजारी शेजारी ठेवून पाहा.